एडिंबरा न्यू टाउन: तळघरात राहून बघितलेली श्रीमंती

एडिंबराला चार दिवस राहून किल्ला आतून न बघता परत आलेल्या माणसांमध्ये आमचं नाव नक्की घाला. किल्ला दिसला तसा रोजच, प्रत्येक वळणावर दिसला, पण वर काही गेलो नाही. सगळा वेळ न्यू टाउनमध्ये गेला, आणि परत जायची वेळ आली तर पुन्हा तिथेच जाईन.

पार्श्वभूमी थोडक्यात. मी लीड्सला राहते, आई ठाण्याहून दीड महिन्यासाठी आली होती. वय ६९, "गुडघे माझ्यापेक्षा मोठे आहेत" हे तिचंच वाक्य. लहानपण गिरगावात चाळीत गेलेलं, कॉलेज विल्सन. हे दोन्ही पुढे कामाला येणारेत म्हणून आत्ताच सांगून ठेवते. लंडन तिला गर्दीचं वाटलं, म्हणून म्हटलं स्कॉटलंडला जाऊ, मे महिना आहे, थंडी कमी असेल. (नव्हती.)

गुरुवार: स्टेशन दरीत, आम्ही तळघरात

ट्रेनबद्दल सांगण्यासारखं काही नाही, वेळेवर निघाली, वेळेवर पोचली. गंमत वेव्हर्ली स्टेशनपासून सुरू होते, कारण ते स्टेशन चक्क दरीत आहे. बाहेर आलं की एका हाताला टेकडीच्या कण्यावर एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी जुनी काळपट घरं, ते ओल्ड टाउन, आणि दुसऱ्या हाताला पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ, तिच्या पलीकडे न्यू टाउन. दोन्हीच्या मधे आता बाग आहे, पण पूर्वी तिथे नॉर लॉक नावाचं तळं होतं, तळं कसलं, वरच्या वस्तीची सगळी घाण खाली येऊन साचायची असं डबकं. ते १७५९ पासून उपसायला घेतलं.

न्यू म्हणजे किती न्यू तर अडीचशे वर्षांचं. तेव्हाचं एडिंबरा म्हणजे फक्त ती टेकडी. वाढायला जागा नाही, म्हणून घरं उंच उंच, काही तर दहा मजली, आणि सगळ्यांना मिळून एक गोल दगडी जिना. तळमजल्यावर दुकानदार, मधल्या चांगल्या मजल्यांवर जज्ज आणि सरदार लोक, अगदी वर पोत्याचं ओझं वाहणारे. रात्री दहा वाजले की "गार्डी लू" असं ओरडून खिडकीतून दिवसभराचं सगळं खाली. १७५१ मध्ये अशीच एक सहामजली इमारत कोसळली, माणसं गेली, आणि मग पुढच्या वर्षी नगरपालिकेने ठरवलं की बास, आता दरीपलीकडे नवं गाव वसवायचं. हे सगळं मी आईला ट्रेनमध्ये वाचून दाखवत होते तेव्हा तिचं म्हणणं एवढंच की "एका जिन्यावर सगळे राहत होते ना, मग वाईट काय त्यात? फक्त संडास नीट बांधायचे."

आता आमची फजिती. मी बुक केलेला फ्लॅट जाहिरातीत "गार्डन लेव्हल, जॉर्जियन घर (म्हणजे जॉर्ज राजांच्या काळातलं), ऐतिहासिक भाग" असा होता. स्टेशनपासून पंधरा मिनिटं चालत. मी नकाशा बघितला, चढउतार बघितला नाही. टॅक्सी न करता निघालो, आणि न्यू टाउनचे उत्तरेकडचे रस्ते समुद्राच्या दिशेने असे काही उतरतात की बॅग मला ओढत होती, मी बॅगेला नाही. वर रस्त्यात चौकोनी दगडी ठोकळे बसवलेले. तिसऱ्या चौकात आईच्या बॅगेचं एक चाक निघालं आणि टुणटुणत आमच्या पुढे उतारावरून गेलं. समोरून येणाऱ्या एका सुटाबुटातल्या माणसाने ते पायाने अडवलं, उचललं, आईच्या हातात दिलं आणि काही न बोलता निघून गेला. आई दिवसभर त्याचं कौतुक करत होती.

आणि "गार्डन लेव्हल" म्हणजे तळघर! घराच्या पुढच्या दाराला भारी पाच पायऱ्या वर, त्या आपल्या नाहीत. आपल्याला कठड्याचं लोखंडी फाटक उघडून फुटपाथच्या खाली १४ पायऱ्या उतरायच्या. खाली खड्ड्यासारखं छोटं दगडी अंगण, त्याला इथे 'एरिया' म्हणतात. अंगणात गार्डन म्हणजे एक कुंडी. मला इतका राग आला होता, पण आई आत गेली, खाली दगडी फरशी, भिंती हातभर जाड, आणि एका भिंतीत एवढी मोठी चूल की त्यात आता कपाट आणि मायक्रोवेव्ह दोन्ही बसवलेत. आई म्हणाली, "अगं हे स्वयंपाकघर आहे. नोकरांचं." बरोबर होतं तिचं. अंगणाच्या पलीकडे, फुटपाथच्या पोटात, कोळशाची कोठारं, आता त्यात कुणाच्या तरी सायकली. खिडकीत बसलं की वरून जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसायचे. चार दिवसांत आई बुटांवरून माणूस ओळखायला लागली.

संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या आजी खाली आल्या, ऐंशीच्या पुढच्या असतील, पाठ ताठ, हातात शॉर्टब्रेडचा डबा. आम्ही नीट पोचलो का बघायला. घराचे आता पाच फ्लॅट झालेत, आमच्या तळघराला स्वतंत्र दार, बाकीच्यांना मिळून एक जिना. चाळीस वर्षं तिथे राहतात. "तुम्हाला खालची खोली मिळाली, घरातली सगळ्यात उबदार," म्हणाल्या, ते खोटं होतं पण गोड वाटलं. आईने बदल्यात भाजणीची दोन थालीपीठं दिली. रात्री नऊला बाहेर चक्क उजेड.

(जाणाऱ्यांसाठी: जाहिरातीत गार्डन लेव्हल, लोअर ग्राउंड असं काही असेल तर पायऱ्या किती ते आधी विचारा. वरचा मजला असेल तरी विचारा, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाहीच. आणि चाकांच्या बॅगेऐवजी पाठीवरची सॅक.)

शुक्रवार: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत

हा दिवस मी आधीपासून ठरवलेला. न्यू टाउनचा पहिला आराखडा १७६६ च्या स्पर्धेतून निवडला, जिंकणारा जेम्स क्रेग, वय जेमतेम सव्वीस-सत्तावीस. आराखडा आठवीतल्या मुलाला काढता येईल इतका सोपा, तीन लांब समांतर रस्ते, दोन टोकांना दोन चौक, संपलं. पण जागा अशी निवडलेली की मधला जॉर्ज स्ट्रीट टेकाडाच्या माथ्यावरून जातो आणि दोन्ही बाजूंचे रस्ते, प्रिन्सेस स्ट्रीट आणि क्वीन स्ट्रीट, यांना फक्त एकाच बाजूला घरं. एकाला समोर किल्ला, दुसऱ्याला समोर लांबवर समुद्राची खाडी. रस्त्यांची नावं राजाच्या घरातली. प्रिन्सेस स्ट्रीटचं नाव आधी सेंट जाइल्स ठेवणार होते, तर राजा तिसऱ्या जॉर्जला ते पसंत पडलं नाही, लंडनमधल्या एका गलिच्छ वस्तीचं तेच नाव होतं म्हणे.

पूर्वेकडच्या सेंट अँड्र्यू स्क्वेअरपासून सुरुवात केली. चौकाच्या पूर्वेला क्रेगने चर्चची जागा ठेवली होती. ती जागा सर लॉरेन्स डंडास नावाच्या गडगंज माणसाने पटकावली आणि तिथे स्वतःचा बंगला बांधला, आता ती बँक आहे. म्हणजे प्लॅनमध्ये देवळाचा प्लॉट आणि प्रत्यक्षात बंगला, हे वाचून आई इतकी हसली. "ठाण्यात आरक्षण उठवतात तसंच की." आत बँकेच्या हॉलला घुमट आहे, त्यात चांदण्यांच्या आकाराच्या खिडक्या, तिथे मान वर करून पाच मिनिटं उभं राहिलात तरी कुणी काही म्हणत नाही.

चौकाच्या मधोमध उंच खांबावर दुसरे डंडास, हेन्री, पहिले व्हायकाउंट मेलव्हिल. हे ईस्ट इंडिया कंपनीवर देखरेख करणाऱ्या बोर्डाचे अध्यक्ष होते आणि हिंदुस्थानातल्या नोकऱ्या स्कॉटिश पोरांना वाटण्याबद्दल प्रसिद्ध. गुलामांचा व्यापार बंद करायचा ठराव १७९२ मध्ये आला तेव्हा त्यात "हळूहळू" हा शब्द घुसवणारे पण हेच, आणि त्या एका शब्दावरून इथे अजून भांडणं चालू आहेत, खांबाखालच्या पाटीवर काय लिहायचं इथपर्यंत. खांब एवढा उंच की साहेबांचा चेहरा खालून दिसत नाही. ते बरंच आहे.

मग जॉर्ज स्ट्रीटच्या तोंडाशीच जेम्स क्लार्क मॅक्सवेलचा पुतळा, बसलेला, पायाशी टोबी कुत्रा. वीज आणि चुंबक एकाच समीकरणांत बांधणारा माणूस. आईने मॅक्सवेलला सोडून टोबीबरोबर फोटो काढला.

त्याच्याच पुढे ते हुसकावलेलं चर्च. १७८४ चं, आतून लंबगोल, पांढरं-निळं, एकदम हलकं वाटतं, चर्चपेक्षा नाट्यगृह जास्त. मी कशाला आत नेते म्हणून आई कुरकुरत होती. मग मी सांगितलं की १८ मे १८४३ ला इथे स्कॉटलंडच्या चर्चची सभा चालू असताना शंभरावर पाद्री उठले आणि सरळ दाराबाहेर चालत गेले, उतारावरून खाली कॅननमिल्सपर्यंत, आणि तिथे त्यांनी वेगळं फ्री चर्च काढलं. भांडण काय, तर गावचा पाद्री कोण हे जमीनदाराने ठरवायचं की गावाने. शेवटी साडेचारशेच्या वर पाद्री पगार आणि घरं सोडून बाहेर पडले. आणि त्यांच्या बाजूने गेलेल्यांमध्ये एक होते मुंबईचे जॉन विल्सन.

"आमचे विल्सन?"

तुमचेच. एडिंबरा विद्यापीठात शिकलेले, १८२९ मध्ये मुंबईला आलेले, गिरगावात अंब्रोळीला शाळा काढली १८३२ मध्ये, तिचं पुढे कॉलेज झालं. आई तीन वर्षं चौपाटीसमोरच्या त्या इमारतीत गेली आणि हा माणूस कुठून आला, का आला, काहीच माहिती नव्हतं तिला, मलाही नव्हतं, ट्रिपच्या आधी वाचलं म्हणून. ती एका बाकावर बसली आणि किती तरी वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, कॉलेजच्या जिन्याचा वास आठवला. चर्चमधल्या एका काकांनी येऊन विचारलं काही हवंय का, तर आईने तिच्या इंग्लिशमध्ये त्यांना सांगितलं की मी तुमच्या शाळेची विद्यार्थिनी आहे. त्यांना काही कळलं नसणार पण त्यांनी तिच्याशी हात मिळवला.

इथून मागच्या गल्लीत शिरून थिसल कोर्ट बघितलं, गाइडबुकातले लोक तिकडे फार जात नाहीत. सुरुवातीला नव्या गावात घर बांधायला कुणी येतच नव्हतं, वाऱ्यावरची ओसाड जागा म्हणून. म्हणून पहिलं घर बांधणाऱ्याला २० पौंड बक्षीस लावलं होतं, ते १७६७ मध्ये इथल्या घराला मिळालं. दोन बुटकी घरं समोरासमोर, खेड्यातल्यासारखी, सरळ रेषेत वगैरे काही नाहीत.

आणि इथे मला या गावाची खरी मेख कळली. जॉर्ज स्ट्रीट शंभर फूट रुंद, तो मोठ्या लोकांचा. त्याच्या दोन्ही बाजूंना मधल्या अरुंद गल्ल्या, रोज स्ट्रीट आणि थिसल स्ट्रीट (इंग्लंडचं फूल गुलाब, स्कॉटलंडचं थिसल), त्या कारागीर आणि दुकानदारांसाठी. त्याच्याही मागे घोड्यांचे तबेले. नोकर तळघरात. म्हणजे टेकडीवर जे सगळे एका जिन्यावर वरखाली भेटायचे त्यांना इथे रस्त्याच्या रुंदीप्रमाणे वेगवेगळं बसवलं, आणि ते इतकं देखणं दिसतं की दोनशे वर्षं कुणी तक्रार केली नाही. पुढे घरांच्या उंचीचेही नियम आले, १७८२ पासून मोठ्या रस्त्यांवर तीन मजल्यांच्या वर नाही. सगळ्या घरांची कपाळं एका रेषेत दिसतात ती त्यामुळे.

हॅनोव्हर स्ट्रीटच्या चौकात उभं राहून आईला दोन्ही बाजू दाखवत होते, इकडे खाली खाडी, पलीकडे फाइफचे डोंगर, तिकडे माउंड, म्हणजे न्यू टाउनच्या घरांचे पाये खणताना निघालेली माती टाकून टाकून दरीवर झालेला बांध, पंधरा लाख गाड्या माती असा हिशोब सांगतात. तेवढ्यात धाडकन तोफ! आई माझ्या दंडाला लटकली. आजूबाजूला एकाही माणसाने वर बघितलं नाही, एकाने फक्त घड्याळ बघितलं. किल्ल्यावरून रोज दुपारी एकला तोफ उडवतात, १८६१ पासून, रविवार सोडून. बाराला का नाही, तर बाराला बारा गोळे लागतील, स्कॉटिश माणूस एकात भागवतो, हा विनोद आम्हाला दोन दिवसांत तीन जणांनी सांगितला. जाता जाता, स्टेशनशेजारच्या मोठ्या हॉटेलचं घड्याळ मुद्दाम तीन मिनिटं पुढे असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. त्यावर भरवसा ठेवून धावत सुटू नका, आम्ही सुटलो होतो, पण ते रविवारचं.

जेवायला थिसल स्ट्रीटवर. मी कलन स्किंक, म्हणजे धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा, दूध, कांदा, घट्ट सूप. वारा खाऊन आल्यावर याच्यासारखं काही नाही. आईसाठी शाकाहारी हॅगिस, ओट्स, डाळी, मिरी, बाजूला सलगम आणि बटाट्याचा लगदा. तिचा निर्णय: "फोडणी विसरलेत. बाकी ठीक."

दुपारी शार्लट स्क्वेअर. कोपऱ्यावर, साउथ शार्लट स्ट्रीटच्या १६ नंबरला, अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल जन्मला, टेलिफोनवाला. चौकाची उत्तर बाजू वास्तुकार रॉबर्ट अ‍ॅडमची, १७९१ मध्ये आखली, पुढच्याच वर्षी तो गेला, बांधलेली त्याने बघितली नाही. समोरून बघाल तर अख्खा एक राजवाडा वाटतो, प्रत्यक्षात ती शेजारी शेजारी घरं आहेत. ६ नंबर स्कॉटलंडच्या मुख्यमंत्र्यांचं सरकारी घर, आपण अगदी दारासमोरून चालत जातो, एकच पोलीस, तो पण गप्पा मारतोय. ७ नंबर म्हणजे जॉर्जियन हाउस, म्युझियम, हे मात्र चुकवू नका. लॅमॉंट नावाच्या जहागीरदाराने १७९६ मध्ये १८०० पौंडांना घेतलेलं.

प्रत्येक खोलीत एक म्हातारे स्वयंसेवक उभे असतात, विचारलं तर सांगतात, नाही विचारलं तरी सांगतात. चहा इतका महाग की चहाच्या डब्याला कुलूप आणि किल्ली मालकिणीच्या कमरेला. बायका जेवणघरातून उठून गेल्या की पुरुषांसाठी कपाटातून चक्क पॉट बाहेर यायचा, दारू पिता पिता तिथल्या तिथेच, दरवाज्याबाहेर जायला नको. इथे आईने तोंडाला पदर लावला. पण तिचा खरा वेळ गेला खालच्या स्वयंपाकघरात. तीच दगडी फरशी, तीच भिंतभर चूल, लख्ख तांब्याची भांडी ओळीने. "आपलंच घर की हे, भांडी लावलेलं," म्हणाली आणि तिथल्या बाईंना विचारलं ही भांडी घासत कशाने होते. बाई खुलल्याच. वाळू, मीठ, आंबट काहीतरी. आईने सांगितलं चिंच. दोघींचं वीस मिनिटं चाललं, मी बाहेर जाऊन बसले.

(तिकीट लागतं, हिवाळ्यात काही काळ बंद असतं, आधी बघून जा. वरच्या मजल्यांना जिने आहेत, पण प्रत्येक खोलीत बसायला खुर्ची देतात, मागायची.)

शनिवार: काहीच दिसलं नाही तो दिवस

सकाळी पडदा सरकवला तर बूटसुद्धा दिसेनात. याला 'हार' म्हणतात, उत्तर समुद्रावरून येणारं धुकं, उन्हाळ्याच्या तोंडावरच येतं. लीड्सला फोन केला तर तिकडे म्हणे लख्ख ऊन. आईला महाबळेश्वर आठवलं, मला भूक लागली. मेतकूट भात खाऊन निघालो.

आणि तो सगळ्यात चांगला दिवस ठरला. क्रेगचं गाव यशस्वी झाल्यावर १८०० नंतर उतारावर आणखी वस्त्या झाल्या, हेरियट रो, ग्रेट किंग स्ट्रीट, रॉयल सर्कस. धुक्यात लांबचं काही दिसत नसल्यामुळे आम्ही जवळचं बघत गेलो. दारावरचे अर्धगोल काचेचे झरोके, एकासारखा दुसरा नाही. पायरीशी बुटांचा चिखल खरवडायची लोखंडी पट्टी. कठड्यावर लोखंडी उलटी नरसाळी, ती कशासाठी तर रात्री मशाल घेऊन आलेल्या माणसाने दाराशी आल्यावर ती त्यात खुपसून विझवायची. दगड बराचसा जवळच्या क्रेगलीथच्या खाणीतला सँडस्टोन, मूळचा फिकट, कोळशाच्या धुराने काळवंडलेला, काही घरं साफ केलीत काही नाहीत, त्यामुळे एकाच ओळीत गोरी-काळी भावंडं. काही खिडक्या दगडाने बुजवलेल्या. मला वाटायचं की खिडक्यांवर कर होता म्हणून, कर होता हे खरं (१८५१ पर्यंत), पण इथल्या बहुतेक तशाच बांधलेल्या, आत भिंत किंवा चूल आली तरी बाहेरून ओळ मोडायला नको म्हणून. खोट्या खिडक्या, शोभेच्या.

इंडिया स्ट्रीट नावाचा रस्ता आहे म्हटल्यावर आईला बघायचाच होता. उताराचा, शांत, आणि १४ नंबरला मॅक्सवेल जन्मला, १८३१ मध्ये. घर त्याच्या नावाच्या संस्थेकडे आहे, आत जायला आधी वेळ घ्यावी लागते, आम्ही घेतली नव्हती. पहिला रंगीत फोटो याच माणसाने १८६१ मध्ये करून दाखवला, कसला, तर टार्टनच्या, म्हणजे स्कॉटिश चौकडीच्या कापडाच्या, रिबिनीचा. स्कॉटिश तो स्कॉटिशच.

पुढे मोरे प्लेस, बारा बाजूंचा चौक, १८२२ पासून अर्ल ऑफ मोरेने स्वतःच्या जमिनीवर प्लॉट पाडून विकला. घेणाऱ्याने दर्शनी भाग नकाशाबरहुकूमच बांधायचा, एक वीट इकडची तिकडे नाही. हे खरं तर मला जरा अंगावर आलं, सुंदर आहे पण बरणीत घालून ठेवल्यासारखं, माणूस नाही, दुकान नाही, कुत्रा नाही. आई तर सरळ म्हणाली, इथे मला दोन दिवसांत वेड लागेल. तिला आवडली ती अ‍ॅन स्ट्रीट. रीबर्न या चित्रकाराने वसवलेली आणि बायकोचं नाव दिलेली, घरं लहान, पुढे प्रत्येकाची टीचभर बाग, धुक्यात फुलांचे नुसते रंग.

मधे खाली नदीवर उतरलो, वॉटर ऑफ लीथ. वर टेलफर्ड या इंजिनियरचा डीन ब्रिज, १०६ फूट उंच, धुक्यात कमानींचे पाय दिसत होते, डोकं नाही. डीन व्हिलेजमध्ये पूर्वी पिठाच्या गिरण्या, एका दगडावर पाव भट्टीत सरकवायची लांब दांड्याची फावडी कोरलेली आहेत. नदीकाठाने आलं की झाडीत एकदम गोल ग्रीक देऊळ, दहा खांब, आत आरोग्यदेवतेची मूर्ती. सेंट बर्नार्ड्स वेल, १७८९ चं, गंधकाच्या पाण्याची विहीर, श्रीमंत मंडळी सकाळी येऊन नाक दाबून पाणी प्यायची. (काठाचा रस्ता ओला असताना निसरडा, गुडघेवाल्यांनी काठी न्या. आईने माझी छत्री वापरली, मी भिजले.)

संध्याकाळी आजींनी दार वाजवलं, हातात एवढी मोठी किल्ली. क्वीन स्ट्रीटच्या बागा खाजगी आहेत, कुंपणाला कुलूप, आजूबाजूच्या रहिवाशांनी वर्षाचे पैसे भरले की किल्ली. आपण रोज बाहेरून कठड्यातून बघत जायचं. आम्हाला आत नेलं. काय होतं आत? ओलं गवत, जुनी झाडं, एक छोटं तळं, ब्लॅकबर्ड ओरडत होता. बस. पण कुलूप उघडून आत गेलं की तेच गवत वेगळं वाटतं, हे मान्य करायला मला लाज वाटते. आईने आजींना विचारलं, रस्त्यावरची मुलं खेळायला येतात का इथे? आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "यायला हवीत."

रविवार: उलटी वाट

फ्लॅट अकराला सोडायचा, गाडी साडेचारची. बॅगा (तीन चाकी आणि चार चाकी) आजींनी त्यांच्या जिन्यात ठेवून घेतल्या. तेव्हा मी तो जिना आतून पहिल्यांदा बघितला, दगडी, गोल वर जाणारा, वर काचेचा घुमट, तिथून उजेड खालपर्यंत उतरतो. म्हणजे टेकडी सोडून आले तरी जिना काही सुटला नाही त्यांचा.

स्टॉकब्रिजचा रविवारचा बाजार लहान आहे पण छान, चीज, पाव, आणि टॅब्लेट नावाची मिठाई, साखर-दूध-लोणी आटवून रवाळ केलेली. आपली बर्फीच. आईने दोन पुड्या घेतल्या आणि वेलदोडा हवा होता म्हणत एक तिथेच संपवली. सर्कस लेन बघा, पूर्वीचे तबेले आता गुलाबांच्या वेलींची घरं, फक्त दहाच्या आत जा, नंतर फोटोवाल्यांची रांग लागते. नोकरघोड्यांच्या जागा सगळ्यात महाग झाल्यात.

मग टॅक्सीने वर, ओल्ड टाउनला, फक्त दोन अंगणं बघायला. कारण न्यू टाउनची गोष्ट तिथे संपते. पैसेवाले सगळे दरीपलीकडे गेल्यावर त्या उंच घरांची झोपडपट्टी झाली, शंभर वर्षं. आणि मग पॅट्रिक गेडीस, जीवशास्त्रज्ञ, लग्नानंतर बायकोला घेऊन प्रिन्सेस स्ट्रीटवरचं घर सोडून १८८०च्या दशकात उलट इकडे, जेम्स कोर्टात राहायला आला. अंगणं झाडली, भिंती रंगवल्या, पाडापाडी कमीत कमी. किल्ल्यालगतची रॅमसे गार्डनची लाल-पांढरी घरं त्याचीच. हाच गेडीस १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक झाला, समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याचे विद्यार्थी.

"घुर्ये आम्हाला होते अभ्यासाला!" आई जेम्स कोर्टच्या मधोमध एवढ्या जोरात म्हणाली की वरची एक खिडकी उघडली.

परत यायला उशीर झाला. साडेतीनला बॅगा घ्यायला पोचलो तर जिन्याच्या दाराच्या मुठीला दोरीने एक कार्ड लटकत होतं, 'या आठवड्यात जिना धुवायची पाळी तुमची'. आजींनी सांगितलं, घराघराने पाळी असते, काम झालं की कार्ड पुढच्या दाराला. आईचा चेहरा बघायला हवा होता. आमच्या चाळीत पाटी होती, म्हणाली, पाण्याच्या टाकीची, आणि गणपतीच्या आधी जिन्याची. मग काही विचारायच्या आत तिने कोपऱ्यातला झाडू घेतला, जिना राहू दे म्हणाली, आणि आमच्या त्या १४ पायऱ्या, अंगणासकट, खालपासून वरपर्यंत झाडून काढल्या. मी घड्याळ बघत होते, आजी नको नको म्हणत होत्या, आईने पदर खोचलेला. झालं तेव्हा आजींनी ते कार्ड मुठीवरून काढलं, फुटपाथवरून चार पावलं चालत गेल्या, आणि शेजारच्या घराच्या दाराला अडकवून आल्या.